मामांना झील धरणारा

माझ्या मामांइतका मोठ्यानं गाणारा आणि त्याहून मोठ्यानं रुसणारा माणूस शिरूर तालुक्यात दुसरा झाला नाही. नदीपल्याड दौंड तालुक्यात झाला असलाच, तर तो मामीचा सख्खा भाऊ. हे मी भाचा म्हणून कौतुकानं सांगत नाही. मामांच्या आवाजाचा ज्यांनी त्रास सोसला त्यांच्यात माझा नंबर बराच वर आहे. कवठे येमाईच्या बाहेर, ओढ्याच्या कडेला त्यांची वस्ती होती. मी सुट्टीत तिथं राहायला गेलो की पहाटे कोंबड्याच्या आधी मामा सुरू व्हायचे आणि बिचारा कोंबडा त्यांच्यामागून नुसती हजेरी लावायचा. मामांच्या मते तोही बेसूर होता. ‘खुराड्यात सगळ्यात वाईट सूर त्याचा,’ असं ते त्याच्या तोंडावर म्हणायचे.

मामा धनगरी ओव्या म्हणायचे. ज्यांनी ऐकल्या नसतील त्यांना सांगतो, ही ओवी म्हणजे देवघरात बसून गुणगुणायचा प्रकार नव्हे. एक हात कानावर, दुसरा हवेत, आणि आवाज असा की पलीकडच्या शिवारातल्या मेंढरानं चरायचं सोडून मान वर करावी. गोष्ट सांगायच्या आधी सुंबरान मांडायचं, म्हणजे देवांना, गावांना, गेलेल्या वाडवडलांना एकेकाला नावानं हाक मारून गाण्याला बोलवायचं. सगळे आले, टेकले, की मग गोष्ट. मामांचे वाडवडील मेंढरांमागं कोकणात उतरायचे आणि परत वर यायचे, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला हेच चालायचं. पुढं मेंढरं विकली, कालव्याचं पाणी आलं, मामांनी कांदा लावला, सोसायटीचे मेंबरसुद्धा झाले. पण जीभ काही शेतकरी झाली नाही. साधी गोष्ट सरळ सांगणं त्यांना जमतच नसे. बैल कुठं गेला म्हणून विचारलं तर उत्तर बैलाच्या आजीपासून सुरू व्हायचं. एकदा सोसायटीच्या सभेत ठरावाला अनुमोदन द्यायला उभे राहिले आणि चेअरमनच्या पणजोबांना बोलावण्यापर्यंत पोचले. चेअरमन खूष झाले, पण सगळ्यांचा चहा गार झाला आणि ठराव कशाचा होता ते सेक्रेटरीला पुन्हा वाचून दाखवावं लागलं. जेवताना मामीनं नुसतं विचारलं, ‘कालवणात मीठ कमी पडलं का वो?’ तर मामांनी डोळे मिटले, हात कानावर नेला आणि म्हणाले,

‘आधी बोलवू त्या दर्याला, मीठ जल्मलं ज्याच्या पोटी...’

‘मीठ घ्या आन् दर्याला ऱ्हाऊ द्या तिकडंच,’ असं म्हणून मामीनं मिठाची वाटी त्यांच्यापुढं आदळली.

पण खरी गंमत पुढंच आहे. ही ओवी एकट्याची नसते. गाणारा ओळ टाकतो आणि शेवटाला थांबतो. तिथं दुसऱ्यानं ती ओळ उचलायची, लांब ओढायची आणि परत त्याच्या हातात द्यायची. याला झील धरणं म्हणतात. तेवढ्यात गाणारा दम घेतो आणि पुढचं आठवतो. माझं शिरूरच्या बाजारपेठेत रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळं आपल्याला गाण्यातलं कळतं असा माझा समज होता. एकदा मी मामांना शहाण्यासारखं विचारलं, ‘मामा, ह्याला गाणं म्हणायचं का गोष्ट म्हणायची?’ मामा म्हणाले, ‘ह्याला बोलावनं म्हनायचं. गानं काय, येकट्यालाबी म्हनता येतं. बोलावल्यावर व्हय म्हननारं कुनीतरी लागतं का न्हाई?’

मामांना ‘व्हय’ म्हणणारा माणूस म्हणजे मामीचा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्यांना पाव्हणे म्हणायचो. मामा बुटके आणि गोल, पाव्हणे उंच आणि वाळके. शेजारी बसले की मुसळाशेजारी उखळ ठेवल्यासारखं दिसायचं. पाव्हण्यांना बोलायचा भारी कंटाळा. कुणी चौकशी केली तर मान हलवायचे, फारच आग्रह झाला तर खोकायचे. पण मामा बोलले की त्यांच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द ते आपोआप उचलायचे. ‘औंदा कांदा बरा हाय.’ ‘बरा हाय.’ ‘भाव मातूर पडनार बघा.’ ‘पडनार बघा.’ मामीचं लग्नच असं ठरलं, असं घरात सांगायचे. मेंढरांच्या वाटेवर दोघांची ओळख झाली, गाणं जमलं, आणि एक दिवस मामा म्हणाले, ‘पाव्हणं, तुमची भन मला पसंत हाय.’ पाव्हणे सवयीनं ‘पसंत हाय’ म्हणून बसले, आणि मग धनगराला शब्द फिरवता येईना. मामी हे सांगताना दरवेळी म्हणायची, ‘माजं लगीन झीलमदी झालं. मला कुनी इचारलंच न्हाई.’ पण म्हणताना हसायची. त्या दोघांचं गाणं मी कितीदा ऐकलं असेल! मामांची ओळ दगडासारखी यायची, आणि पाव्हण्यांची झील तिला अलगद उचलून अशी लांब न्यायची की ओढ्यापलीकडचा माणूससुद्धा काम सोडून उभा राहायचा. मी टेप घेऊन गेलो की पाव्हणे तोंड फिरवायचे आणि मामा खेकसायचे, ‘मानूस जित्ता हाय, त्याला डब्यात कशापायी घालतो?’

आणि अशा जोडीचं बिनसलं. कशावरून? बांधावरून नाही, वाटणीवरून नाही, तर देवाला हाक मारण्यावरून. सुंबरानाची त्यांच्यात एक रीत आहे. ज्या गावात गाणं, तिथला देव आधी बोलवायचा. मग झील धरणाऱ्याच्या गावचा. गाणाऱ्यानं स्वतःच्या गावचा देव सगळ्यात शेवटी. घरच्या माणसानं पाहुण्यांच्या आधी पानावर बसू नये, तसंच हे. केंदूरकडच्या एका वस्तीवर जत्रा होती. मामांच्या वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळाला नुकताच नवा कळस बसला होता, ऑइलपेंट झाला होता, आणि त्या आनंदात वस्तीवरची सगळी मंडळी टेम्पो भरून जत्रेला आली होती. ती पुढंच बसलेली. त्यांना बघून मामांना काय चढलं कोण जाणे. तिथल्या देवाला हाक मारून झाली आणि दुसरी हाक त्यांनी थेट स्वतःच्या बिरोबाला मारली. ‘ये रं कवठ्याच्या देवा, नव्या कळसाखालनं ऊठ...’ ओळ टाकली, थांबले.

पाव्हण्यांनी झील धरलीच नाही.

सगळी जत्रा वाट बघतेय. कर्ण्यातून नुसती घूं ऐकू येतेय. मामांचा हात कानावर तसाच. पाव्हणे समोर बघत मांडीवर हात ठेवून बसलेले. मामांनी ओळ परत टाकली. पाव्हणे उठले, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि चालायला लागले. त्या दिवशी मामा घरी आले ते तोंड न उघडता. दुसऱ्या दिवशी कोंबडा एकटाच आरवला, तेव्हा मामी घाबरून उठली.

पुढं वर्षानुवर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पाव्हण्यांचं म्हणणं, ‘माज्या देवाला पानावरनं उठिवलं.’ मामांचं म्हणणं, ‘चुकलो आसन मी. पन झील सोडायची? पुलावर नेऊन हात सोडायचा?’ दोघांचंही खरं होतं, म्हणून कुणाचीच समजूत घालता येईना. मधल्या मध्ये मामी सापडली. भाऊबीजेला ती माहेरी निघाली की मामा तिच्याबरोबर शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं थेट नदीपलीकडं चौफुल्यापर्यंत जायचे, तिला पुढच्या गाडीत बसवायचे, स्टँडवर चहा प्यायचे आणि उलट्या पावली परत. वर, ‘म्या तिकडं जात न्हाई,’ असं जगाला सांगायचे. जाता जाता मामीला म्हणायचे, ‘खोकल्याचं काय हाय म्हनून बघून ये.’ कुणाच्या खोकल्याचं, ते कधी बोलायचे नाहीत. तिकडून परत आल्यावर मामी सांगायची की दादानं एकच विचारलं, ‘दाजींचा आवाज कसा हाय?’ हे ऐकलं की मामा गोठ्यात निघून जायचे, आणि तिथं काहीही काम नसताना बराच वेळ राहायचे.

त्या काळात मामांनी झील धरायला माणूस शोधायचा जो सपाटा लावला, त्यानं अख्खा तालुका हैराण झाला. जो भेटेल त्याच्यासमोर ते एक ओळ टाकायचे आणि आशेनं बघत थांबायचे. एसटीत त्यांनी ओळ टाकली आणि ते थांबले नेमकं तिथंच कंडक्टर म्हणाला, ‘तिकीट!’ मामांनी मान डोलावली. ‘सूर बरा हाय तुमचा. शब्द तेवढा बदला.’ म्हशीला तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना त्यांनी इतकं छळलं की डॉक्टर पुढच्या खेपेला म्हशीला औषध देऊन मागच्या बाजूनं पसार झाले. त्यातल्या त्यात जमलं ते एका बिहारी माणसाचं. रांजणगावच्या कारखान्यात कामाला होता, शेजारच्या वस्तीवर खोली घेऊन राहायचा. शब्द कळायचा नाही, पण आवाज मोकळा होता. मामा खूष. ‘चाचा, बहुत लंबा है, साँस टूटता है,’ असं तो म्हणायचा, तरी धरायचा. मामांनी त्याला देवांची नावं शिकवायला घेतली, तेवढ्यात त्याची सेकंड शिफ्ट लागली आणि पुढं तो गावीच गेला. माझीही परीक्षा झाली. मी जीव तोडून झील ओढली. मामा म्हणाले, ‘भाचं, तुजी झील म्हंजी वल्ला टावेल. वाळत घातल्यागत नुस्ती लोंबती.’

मग मला अक्कल सुचली. मी दुकानात बसून माझ्याच आवाजात झील कॅसेटवर भरली, मध्ये मामांच्या ओळीपुरती रिकामी जागा सोडली आणि टेप घेऊन वस्तीवर गेलो. मामांनी अंघोळ केली, फेटा बांधला, घोंगडं अंथरून त्यावर टेपला बसवलं. पहिल्या दोन ओळी झक्क गेल्या. तिसऱ्या ओळीला मामांना कोकणातला कुठलासा घाट आठवला आणि ते तिथंच रमले, तर टेप मध्येच झील ओढून मोकळा! मामा थबकले. परत सुरू केलं, परत तेच. मामांनी बटण दाबून टेप बंद केला आणि माझ्याकडं बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, ‘ह्यो माज्यासाठी थांबत न्हाई रं. पाव्हणं थांबायचं. मी कुटंबी हिंडून आलो तरी पाव्हणं तितंच बसल्यालं आसायचं.’ एरवी मामांची खेचायची एक संधी मी सोडत नसे. त्या दिवशी मी नुसता टेप पिशवीत घातला. मला मामांचा राग आला, पाव्हण्यांचा आला, त्या नव्या कळसाचासुद्धा आला.

त्यानंतरच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या दुकानातला फोन वाजला. पलीकडून मामी दौंडच्या एका एसटीडी बूथवरून ओरडत होती. फोनवर ओरडल्याशिवाय आवाज भीमा ओलांडत नाही अशी तिची समजूत होती. ‘दादाला लई दम लागलाय. दवाखान्यातनं घरी आनलाय. बोलाया गेला तर आवाज फुटत न्हाई. तुज्या मामास्नी सांग. येऊ नगा म्हनावं यायचं नसंल तर, पन सांग.’ मी दुकान बंद केलं आणि मोटारसायकल काढून कवठ्याला गेलो. मामा कांद्याला पाणी देत होते. मी सांगितलं. मामांनी दम्याचं विचारलं नाही, दवाखान्याचं विचारलं नाही. ‘आवाज फुटत न्हाई?’ असं म्हणाले. मी व्हय म्हणालो. ‘आवाज?’ पुन्हा म्हणाले. आणि खोरं तिथंच टाकून, पायाला चिखल तसाच, माझ्यामागं येऊन बसले.

शिरूर ओलांडलं. न्हावऱ्याच्या पुढं माझ्या पाठीमागं पुटपुटणं सुरू झालं. मामा सुंबरान मांडून बघत होते. आधी हा देव, मग तो देव, नाही, तसं नको, मग असं. प्रत्येक स्पीडब्रेकरला ओळ तुटायची आणि ते पहिल्यापासून सुरू करायचे. भीमेच्या पुलावर मला म्हणाले, ‘जरा हळू घे. अजून माजं ठरलं न्हाई.’

वस्तीवर पोचलो तेव्हा पाव्हणे पडवीत बाजेवर बसले होते. मुळातच वाळके, आता तर नुसता सदराच बसवून ठेवल्यासारखे. त्यांनी मामांकडं बघितलं, मामांनी त्यांच्याकडं बघितलं. मामा खाली भुईवर बसले. मामा खोकले. पाव्हणे खोकले. मामी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, तिचे हात थांबले. आणि मामांनी एकदम हात कानावर नेला.

‘आधी तू ये रं बिरोबा, भीमेच्या काठावरच्या देवा, पाव्हण्यांच्या गावच्या धन्या...’

ओळ टाकली, थांबले. पाव्हण्यांचे ओठ हलेनात. म्हटलं, झालं, परत तीच जत्रा. तेवढ्यात पाव्हण्यांनी दम गोळा केला आणि झील आली. बारीक, दोरा ओढल्यासारखी; पण शब्द मामांचे नव्हते.

‘...कवठ्याच्या देवा, तू आधी ये...’

मामांनी डोळे उघडले. ‘पाव्हणं, चुकलं तुमचं. गाव तुमचं, देव तुमचा आधी.’

‘गाव माजं म्हनूनच,’ पाव्हणे थांबत थांबत म्हणाले. ‘घरच्यानं मागनं जेवायचं.’

‘आवं, पन गानारा मी हाय!’

‘आन् घर कुनाचं हाय?’

‘मी चुकलो व्हतो तवा. आता तरी नीट म्हनू द्या!’

‘चुकला न्हवता. उगं मी उठलो.’

‘न्हाई, चुकलो व्हतो!’

आपलीच चूक मोठी हे पटवण्यासाठी दोघं आता हातघाईवर येतात की काय असं मला वाटलं. पाव्हण्यांना धाप लागत होती तरी हटत नव्हते. मी समजूतदारपणे मध्ये पडलो. म्हटलं, ‘अहो, इथला पण बिरोबा, तिथला पण बिरोबा. देव एकच आहे ना?’ दोघंही माझ्यावर असे उलटले, जणू इतकी वर्षं भांडण माझ्याशीच होतं. ‘देव येकच हाय,’ मामा म्हणाले, ‘पन यायची वाट येगळी हाय.’ ‘वाट येगळी हाय,’ पाव्हणे म्हणाले, आणि म्हणताना त्यांच्या लक्षात आलं की आपण मामांचे शब्द उचलले. ते हसले. मामाही हसले. चुलीपुढून मामी ओरडली, ‘दोघा देवांस्नी येका ताटात वाढा, आन् गावा येकदाचं! भाकरी करपली माजी!’ भाकरी करपली नव्हती. मामी रडत होती, आणि लपवतही नव्हती.

मग ते गायले. खरं सांगतो, गाणं म्हणून काही धड नव्हतं. मामांचा आवाज मोटारसायकलच्या वाऱ्यानं बसलेला, पाव्हण्यांची झील दर खेपेला अर्ध्यात मोडायची. मामा मुद्दाम ओळी आखूड करत होते, आणि पाव्हण्यांना ते कळलं की ते डोळे वटारायचे. मामा मग ओळ लांब टाकायचे आणि पाव्हण्यांचा दम पुरेपर्यंत हात तसाच वर धरून बसायचे. घाई नाही. सगळे देव आले, सगळी गावं आली, गेलेली माणसं आली. गोष्टीपर्यंत काही त्यांना पोचता आलं नाही. मी आयुष्यभर टेपरेकॉर्डर उघडले, रेडिओला कान लावून बसलो, पण त्या दुपारसारखं काही परत माझ्या कानावर पडलं नाही. त्याची फार आठवण येते.

त्याच थंडीत पाव्हणे गेले. मामांनी त्यानंतर कुणासमोर ओळ टाकून बघितली नाही. कंडक्टर सुखी झाला, डॉक्टर पुढच्या दारानं यायला लागले. मामा नुसतेच बोलायचे, तेही साधं, सरळ, बैलाच्या आजीशिवाय. आणि ते ऐकून वस्तीवरच्या सगळ्यांना कसंसंच व्हायचं. मीठ कमी असलं तर ‘मीठ कमी हाय’ एवढंच म्हणायचे. मामी मुद्दाम दोनदोनदा विचारायची, तरी दर्याला काही बोलावणं जायचं नाही.

पुढं उन्हाळ्यात कांदा काढला, तेव्हा मी मदतीला गेलो होतो. अंगणात कांद्याचा ढीग, आणि मामा, मामी आणि मी पात काटत बसलेलो. दुपार कलली होती. मामांनी विळा बाजूला ठेवला, हात कानावर नेला आणि एकदम सुरू केलं. आवाज पहिल्यासारखा नव्हता, पण ओळ तशीच आली, दगडासारखी. शेवटाला आले आणि थांबले. मी दुकानात दार लावून कितीतरी दिवस झील घोटली होती, ओला टॉवेल वाळवून आणला होता. म्हटलं, आता मामांना एकटं पडू द्यायचं नाही. मी दम भरून घेतला, तोंड उघडलं. आणि मामीनं कांद्यानं माखलेला हात माझ्या गुडघ्यावर दाबला.

‘थांब जरा,’ ती हळू म्हणाली. ‘दादा म्हनतोय.’

मी तोंड मिटलं. मामा डोळे मिटून, मान डोलवत, हात वर धरून ऐकत होते. पाव्हण्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ गेला. मग त्यांनी पुढची ओळ टाकली.